जिनसेंगच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत चौघांनी मला एकच मेसेज दाखवला. माणसासारखे हातपाय फुटलेल्या मुळीचा फोटो, खाली लाल अक्षरांत ‘कॅन्सरवर रामबाण जिनसेंग’, त्याखाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘एका तरी गरजूपर्यंत पोहोचवा’. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला माझे औषधांचे दुकान आहे. तिघांना मी काउंटरवरच तोंडी समजावले. चौथे आले ते आमचे टेम्पोवाले मामा. मामींना स्तनाचा कॅन्सर आहे, बार्शीला उपचार चालू आहेत. चार केमो झाल्या, चार राहिल्यात. मामांनी कॅरीबॅगेतून फाइल काढली, फाइलीमागून एक प्लास्टिकचा डबा काढला आणि काउंटरवर ठेवला.

“मालक, हे बगा की. साडेसहा हजाराला घेतलंय. आता केमो बंद केली तर चालतंय का? लई तरास व्हायलाय ओ तिला.”

या प्रश्नामुळे हे लिहायला बसलो. मेसेजमधले दावे आहेत त्याच क्रमाने घेतो.

पहिला दावा: ‘कोरियात आणि चीनमध्ये रोज जिनसेंग खातात, म्हणून तिथे कॅन्सर होत नाही.’

होतो, आणि भरपूर होतो. जठराच्या कॅन्सरचे प्रमाण जगात जिथे सर्वांत जास्त आहे, त्या देशांत दक्षिण कोरिया कित्येक वर्षे अगदी वरच्या रांगेत आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि खारवलेले अन्न ही त्याची मोठी कारणे. जिनसेंग घरोघरी असूनही हे थांबलेले नाही. तरीही आज तिथले जठराच्या कॅन्सरचे निम्म्याहून जास्त रुग्ण निदानानंतर पाच वर्षांनी हयात असतात. याचे मोठे श्रेय १९९९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय तपासणी मोहिमेला जाते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाची दर दोन वर्षांनी जठराची तपासणी होते, गाठ लहान असतानाच सापडते.

या दाव्यामागे खरे संशोधन मात्र आहे, आणि ते मी नाकारणार नाही. कोरियातले डॉ. युन टाइक-कू यांनी १९९० साली ९०५ आणि १९९५ साली १,९८७ कॅन्सर रुग्णांची तेवढ्याच इतर रुग्णांशी तुलना केली. जिनसेंग खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसला. नंतर गांगह्वा या जिनसेंग पिकवणाऱ्या भागातल्या चाळिशीपुढच्या ४,६३४ लोकांवर त्यांनी काही वर्षे लक्ष ठेवले, तिथेही तोच कल दिसला. संशोधन मेहनतीचे आहे. पण १९९५ च्या अभ्यासात ताज्या मुळीचे काप, रस आणि चहा घेणाऱ्यांना फायदा दिसला नव्हता. शिवाय चार-सहा वर्षे जमिनीत वाढवलेली महागडी मुळी ज्याला परवडते, त्याचे जेवण, काम, घर आणि दवाखान्यात वेळेवर जाणे हे सगळेच वेगळे असते. त्यातले कॅन्सर कशाने टळले, हे अशा अभ्यासातून सुटे करता येत नाही. आणि मुख्य म्हणजे ही सगळी चर्चा कॅन्सर होण्याआधीची आहे. झालेली गाठ जिनसेंगने गेली, असे डॉ. युन यांनी या अभ्यासांतून दाखवलेले नाही.

दुसरा दावा: ‘जिनसेंगमधला घटक कॅन्सरच्या पेशी ४८ तासांत मारतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले.’

बशीत, हो. जिनसेंगमध्ये जिनसेनोसाइड नावाची संयुगे असतात. मुळी वाफवून वाळवली की लाल जिनसेंग तयार होते आणि त्यात आरजी-३ सारख्या संयुगांचे प्रमाण वाढते. ही संयुगे काचेच्या बशीतल्या कॅन्सर पेशींवर ओतली तर पेशी वाढायच्या थांबतात, मरतात. पण बशीत ओतलेले आणि पोटात घेतलेले यांत फार अंतर आहे. जिनसेनोसाइड आतड्यातून नीट शोषले जात नाहीत. त्यांना मोडून शोषता येण्याजोगे करायचे बरेचसे काम आतड्यातले जिवाणू करतात, आणि ते जिवाणू प्रत्येकाचे वेगळे. गोळी खाऊन रक्तात पोहोचणारे प्रमाण बशीत वापरलेल्या प्रमाणाच्या कितीतरी खाली राहते. शेंगाचटणीत घालतो ते मीठ बशीत पुरेसे टाकले तरी कॅन्सरच्या पेशी मरतील. म्हणून मिठाला कोणी औषध म्हणत नाही.

तिसऱ्या दाव्याने माझी झोप उडवली: ‘केमोपेक्षा प्रभावी. केमो सोडा, हे सुरू करा.’

जिनसेंगवर कॅन्सर रुग्णांत झालेला सर्वांत नेटका प्रयोग अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. ३६४ रुग्ण, ४० केंद्रे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला अमेरिकन जिनसेंगची भुकटी रोज २,००० मि.ग्रॅ., दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळतेय हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. मोजले काय? थकवा. चार आठवड्यांनी दोन गटांत ठोस फरक नव्हता. आठ आठवड्यांनी १०० गुणांच्या मापावर जिनसेंगच्या गटात सुधारणा २० गुणांची, दुसऱ्यात १० गुणांची. ज्यांचे उपचार त्या वेळी चालू होते, त्यांना फायदा जास्त दिसला.

म्हणजे जिनसेंगचा जो गुण चांगल्या प्रयोगात दिसला, तो कॅन्सरचे उपचार घेणाऱ्यांच्या थकव्यावरचा आहे. केमो चालू ठेवून. ही लहान गोष्ट नाही. केमोनंतरचा थकवा मी रोज काउंटरपलीकडे बघतो, दोन पायऱ्या चढून आलेली बाई स्टूल मागते. पण गाठीचे काय झाले हे या प्रयोगाने मोजलेच नव्हते.

आणि डोसचेही पाहा. आपल्याकडे खपणाऱ्या ताकदीच्या कॅप्सूलची स्ट्रिप मी मामांना उलटी करून दाखवली: जिनसेंग अर्क ४२.५ मि.ग्रॅ. अर्क आणि भुकटी हे एकास एक मोजता येत नाहीत, जातही वेगळी, हे मान्य. तरी २,००० च्या शेजारी ४२.५ हा आकडा ठेवला की कळते, त्या प्रयोगाचे नाव सांगून या कॅप्सूल विकता येणार नाहीत.

मेसेजमध्ये एक कोरियन अभ्यासही चिकटवला आहे, २००२ चा. जठराच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये लाल जिनसेंग घेणारे पाच वर्षांनी जास्त जगले, असा. अभ्यास खरा आहे. पण रुग्ण होते अवघे ४२, आणि त्यांची शस्त्रक्रिया झालेली होती, पुढे केमोही दिलेली होती. हे वाक्य मेसेज बनवणाऱ्याने गाळले. मला याचाच सर्वांत जास्त राग येतो.

जीव वाचतो हे सिद्ध करायचे म्हणजे काय करावे लागते, याचे उदाहरण बघायला सोलापूरकराने कोरियाला जायची गरज नाही. आपल्या बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या आणि कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साथीने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर प्रयोग केला. ४९७ गावे, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया. एका गटाची एकदाच एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी केली, एका गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा, आणखी दोन गटांना इतर तपासण्या. आठ वर्षे पाठपुरावा. नेहमीच्या सेवेच्या गटात ३१,४८८ बायांपैकी ६४ जणी या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ पैकी ३४. २००९ साली हे छापून आले. आपल्याकडच्या बायांनी, आपल्याच बोलीत समजून घेऊन, दिलेला हा पुरावा आहे. जिनसेंगच्या बाजूने यातल्या दहाव्या हिश्श्याइतकेही काही कोणी दाखवले, तर मी स्वतः ते दुकानात पुढे मांडून ठेवीन.

‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट शून्य.’ हा चौथा दावा.

२०१० साली अमेरिकेतली एक नोंद प्रसिद्ध झाली. २६ वर्षांचा तरुण, रक्ताचा कॅन्सर, इमॅटिनिबची गोळी सहा वर्षे विनातक्रार चालू. मग तो जिनसेंग असलेले एनर्जी ड्रिंक पिऊ लागला. तीन महिन्यांत पोटात उजव्या बाजूला दुखणे, यकृताला सूज. ड्रिंक बंद केले, यकृत सावरले, पुढे तीच गोळी पुन्हा निर्धोक चालली. यकृतातली जी एन्झाइम कॅन्सरची अनेक औषधे मोडतात, त्यांच्या कामात जिनसेंग ढवळाढवळ करू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम अमेरिकन जिनसेंगने कमी होतो, हेही प्रयोगात दिसले आहे. हृदयाची झडप बदललेल्या, म्हणून वॉरफेरिन घेणाऱ्या माणसाला हे महागात पडेल.

मामींसाठी महत्त्वाचे आणखी एक. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर अमेरिकन जिनसेंगचा पाण्यातला अर्क टाकला तर त्यांची वाढ रोखली गेली, अल्कोहोलमधला टाकला तर वाढली. मुळी तीच. डब्यातला अर्क कशात काढलाय हे डब्यावर लिहिलेले नव्हते.

पाचवा दावा, ‘औषध कंपन्या झाडपाल्याचे औषध दडवून ठेवतात.’ माझ्या दुकानाच्या पायरीपाशी कुंडीत सदाफुली आहे. तिच्यातूनच व्हिंक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरची औषधे निघाली, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिंक्रिस्टिन आजही देतात. (पाने चावून खाऊ नका, विषारी आहेत, एक ग्रॅम औषधाला शेकडो किलो पाने लागतात.) सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड आहे, कॅम्प्टोथेसिन या, कॅन्सरची औषधे ज्यापासून बनतात त्या संयुगासाठी त्याची चोरटी तोड होते. हे संयुग आधी एका चिनी झाडात सापडले, शोधणारे मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. वाणी आपल्या नंदुरबारचे. याच दोघांनी यू नावाच्या झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल काढले, १९७१ साली त्याची रचना मांडली. मी मामांची फाइल उघडली आणि बोट ठेवले: राहिलेल्या चार केमोंत मामींना तेच मिळणार आहे. झाडाचे औषध सोडून झाडाचे औषध घ्यायला ते निघाले होते. फरक एवढाच की एकाची पारख हजारो रुग्णांवर झालेली आहे.

मग आम्ही दोघांनी डबा उजेडात धरला. बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘इंडियन जिनसेंग’. म्हणजे अश्वगंधा. जिनसेंगशी तिचे कुळही जुळत नाही, ती वांग्या-टोमॅटोच्या कुळातली. अश्वगंधेला तिची स्वतःची जागा आयुर्वेदात आहे, पण साडेसहा हजार रुपये ज्या मुळीच्या फोटोला दिले, ती त्या डब्यात नव्हतीच. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे. डब्याचे आणि मेसेजचे फोटो मी काढून ठेवलेत, मामा हो म्हणाले की अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार देणार आहोत.

फाइल परत देताना शेवटच्या रक्ततपासणीचा कागद वर आला. हिमोग्लोबिन ८.१. मामी जिन्यात बसतात, भाकरी थापताना हात गळतात, असे मामा सांगत होते, त्याचे एक कारण तिथे छापलेले होते आणि त्यावर उपचार आहे. मी त्या आकड्याभोवती पेनाने गोल केला. मंगळवारी बार्शीला जाताना डबा आणि हा कागद दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवायचे, असे ठरले. मळमळीच्या गोळ्यांची स्ट्रिप घेऊन मामा निघाले, पायरीवरून वळून म्हणाले, “मेसेज आमच्या मेव्हण्यानं टाकलाय ओ. त्येला बी सांगतो.”