लहान टेनिस स्पर्धेचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या मंडळांसाठी काही सूचना

आपल्या क्रीडामंडळाचा वर्धापनदिन तोंडावर आला असेल, स्मरणिकेची चार पाने अजून रिकामी असतील आणि बैठकीत कोणीतरी 'बालेवाडीच्या टेनिसवर काहीतरी टाकू या' असे सुचवले असेल, तर पुढील सूचना आपल्यासाठीच आहेत. नाशिकमधल्या एका मंडळाने नुकतीच अशी स्मरणिका काढली. पुण्यातल्या बालेवाडीच्या चॅलेंजर स्पर्धेचा, म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या दुसऱ्या पायरीवरच्या स्पर्धेचा, इतिहास त्यांनी माझ्याकडून अगत्याने मागवून घेतला आणि माझ्या नावाखाली जे छापले, ते वाचून इतिहासलेखनाविषयीच्या माझ्या सगळ्या समजुती बदलल्या. हे ज्ञान एकट्याने बाळगणे बरे नव्हे.

पहिली गोष्ट म्हणजे इतिहासाची सुरुवात नेहमी दीपप्रज्वलनाने करावी. समई कोणी लावली, शाल-श्रीफळ कोणी दिले, सूत्रसंचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले, एवढा मजकूर झाला की दीड पान सहज भरते. उरलेल्या अर्ध्या पानात टेनिस बसले तर बसवावे.

विजेत्यांची नावे देऊ नयेत, कारण परदेशी नावांच्या शुद्धलेखनाचा फार त्रास होतो.

स्पर्धेचे वय मात्र सढळ हाताने वाढवावे. पुण्याची चॅलेंजर स्पर्धा बालेवाडीला २०१४ मध्ये सुरू झाली, असे मी लिहिले होते. एवढी कोवळी स्पर्धा स्मरणिकेला शोभत नसल्यामुळे माझ्या २०१४ चे १९९६ करण्यात आले. १९९६ मध्ये सुरू झाली ती वेगळीच स्पर्धा होती. ती पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या सर्वांत वरच्या मालिकेतली, म्हणजे एटीपी टूरवरची असून पहिल्या वर्षी दिल्लीला झाली, १९९७ मध्ये चेन्नईला गेली, तिथे दोन दशके रमली आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रात, म्हणजे त्याच बालेवाडीच्या कोर्टांवर आली. चॅलेंजर ही तिच्या खालची पायरी आहे. परंतु गाव एक, कोर्ट एक आणि दोन्हींच्या नावांत कुठे ना कुठे 'ओपन' आलेले, तेव्हा दोन स्पर्धांची एक करून टाकली म्हणून कोणाचे काय बिघडले? उलट फायदाच झाला. २००८ मध्ये चेन्नईच्या अंतिम सामन्यात मिखाईल यूझ्नीकडून ६-०, ६-१ असा हरलेला राफाएल नदाल आमच्या स्मरणिकेत 'पुणे चॅलेंजर गाजवणारा खेळाडू' म्हणून विराजमान झाला आहे. हरला चेन्नईत आणि गाजवले पुणे!

छायाचित्र टेनिसचेच हवे, असा हट्ट धरू नये. आमच्या स्मरणिकेत लेखाच्या माथ्यावर प्रमुख पाहुणे हसतमुखाने रॅकेट उगारून उभे आहेत. ती रॅकेट बॅडमिंटनची आहे आणि मागची जाळी पाहुण्यांच्या छातीपर्यंत येते.

यानंतरची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. स्पर्धा कोणत्या पायरीवरची आहे, हे वाचकाला कधीही कळू देऊ नये. 'आंतरराष्ट्रीय दर्जाची' हे दोन शब्द सर्वत्र चालतात. पायऱ्या समजावून सांगायला गेले की पंचाईत होते. मी माझ्या लेखात तो मूर्खपणा केला होता. १९९८ पूर्वी तळाला सॅटेलाइट नावाची सलग चार आठवड्यांची मालिका असे आणि क्रमवारीचे गुण मालिका संपल्यावरच पदरात पडत. नंतर फ्युचर्स नावाच्या एकेका आठवड्याच्या स्पर्धा आल्या आणि त्यांचेच पुढे एम१५, एम२५ असे नामकरण झाले. एम१५ म्हणजे एकूण १५ हजार डॉलर बक्षिसांच्या स्पर्धेत आठवडाभर जिंकत राहिलेल्या एकेरीच्या विजेत्याच्या हाती २,१६० डॉलर पडतात आणि मुख्य फेरीत पोचून पहिलाच सामना हरलेल्याला १५६ डॉलर मिळतात, त्यात त्याने विमान, हॉटेल आणि रॅकेटच्या तारा भागवायच्या असतात. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २,००० गुण मिळतात आणि चॅलेंजर १०० या दर्जाची स्पर्धा जिंकणाऱ्याला १००. २०१९ च्या आरंभी वरच्या मंडळींनी १५ हजार डॉलरच्या स्पर्धांचे जागतिक क्रमवारीचे गुणच काढून घेतले, त्यामुळे शेकडो खेळाडू क्रमवारीतून एका रात्रीत दिसेनासे झाले, आणि आरडाओरडा झाल्यावर त्याच वर्षी तो निर्णय गुंडाळावा लागला. हा सगळा परिच्छेद संपादकांनी कापला. कारण विचारले तेव्हा 'नकारात्मक वाटतो' असे उत्तर मिळाले. दूरवरच्या गावात एकट्याने राहून, स्वतःचे कपडे स्वतः धुऊन, पात्रता फेरीच्या दोन सामन्यांसाठी उन्हात घाम गाळणाऱ्या पोराची हकीकत नकारात्मक असते आणि तीन पाने भरून छापलेले सत्कार सकारात्मक असतात, हे मला या वयात कळले. ज्या कष्टांवर ती स्पर्धा उभी आहे तेच लाजिरवाणे वाटत असतील, तर मग तिचा इतिहास मागवलात तरी कशाला? मिठाईच्या दुकानाची जाहिरात त्या जागेत बसली असती. तशी ती बसलीही. माझा परिच्छेद कापून बसली.

प्रायोजकाच्या नावात चूक होऊ देऊ नये. तिथे मुद्रितशोधन आपोआप सुधारते.

शेवटची सूचना जुन्या कागदांबद्दल आहे. लेखासोबत मी काही ड्रॉच्या, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ते दाखवणाऱ्या तक्त्यांच्या, छायाप्रती दिल्या होत्या. बत्तीस जणांचा ड्रॉ, नावांपुढे पात्रता फेरीतून आल्याचा 'क्यू', वाइल्ड कार्डचा, म्हणजे आयोजकांनी थेट प्रवेश दिल्याचा 'डब्ल्यूसी', पात्रता फेरीत हरूनही नशिबाने आत आलेल्याचा 'एलएल', आणि प्रत्येक फेरीचे गुणफलक पेनने भरलेले. एका नावापुढे सामना अर्धवट सोडल्याची खूण होती आणि त्या खेळाडूने दुसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी आघाडी असताना कोर्ट सोडले होते, हे त्या कागदाखेरीज कुठे सापडणार? मंडळाने ते कागद पाठकोरे म्हणून वापरले. मागच्या बाजूवर स्नेहभोजनाची कुपने छापली, कापली आणि वाटली. आपणही तसेच करावे, कागदाची बचत होते.

आता नाशिकच्या त्या मंडळाशी सरळच बोलतो, कारण उपरोध कळण्यासाठीही थोडी लाज लागते. तुम्ही ज्यांना गाळलेत ते कोण होते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? २०१५ आणि २०१७ मध्ये पुण्याची चॅलेंजर युकी भांब्रीने जिंकली, आणि २०१७ ला अंतिम सामन्यात त्याच्यासमोर रामकुमार रामनाथन होता, म्हणजे दोन्ही बाजूंना भारतीय होते. २०१७ मध्येच मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर १२५ दर्जाची, म्हणजे मुख्य टूरच्या खालच्या पायरीवरची, महिलांची स्पर्धा एका एकोणीस वर्षांच्या मुलीने जिंकली. तिचे नाव आरिना सबालेंका. पुढे ती जगात पहिली झाली. २०२३ मध्ये मॅक्स पर्सेलने चेन्नई, बेंगळुरू आणि पुणे अशा सलग तीन चॅलेंजर जिंकल्या. २०२४ मध्ये बालेवाडीला वॅलेंटिन व्हाशेरो जिंकला, तेव्हा आपल्या लोकांना ते नाव वाचायचा कंटाळा आला होता. त्याच व्हाशेरोने ऑक्टोबर २०२५ मध्ये, क्रमवारीत २०४ वा असताना, पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅमच्या लगेच खालच्या दर्जाची शांघाय मास्टर्स जिंकली आणि वाटेत जोकोविचला हरवले. मग तुमच्यापैकीच काहींनी 'कोण हा?' म्हणून मला मेसेज केले. तुमच्यापासून सहा तासांच्याही आतल्या अंतरावर खेळून गेला होता तो! आपल्या नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचा सामना असला की गोल्फ क्लबकडे वाहन लावायला जागा मिळत नाही. आणि पुण्याच्या वाटेवर चाकणच्या वाहतूककोंडीत अडकून पहाटेपासून बालेवाडी गाठणारी नाशिकची टेनिसची पोरे मात्र तुम्हाला फक्त गटछायाचित्रात, पाहुण्यांच्या पायांशी बसलेली हवी असतात. त्यांना आधी कोण खेळले, कोण जिंकले, कोणत्या पायरीवरून किती वर जाता येते, हे सांगणारे एक पान तुमच्या हातात होते. ते तुम्ही वाया घालवलेत आणि वर त्याखाली माझे नाव ठेवलेत.

तेव्हा पुढच्या अंकात चूकदुरुस्तीची चौकट छापा. स्पर्धा २०१४ ची आहे, १९९६ ची नाही. नदाल तिथे खेळला नाही. वर सांगितलेले विजेते वर्षांसह द्या. आणि माझे नाव काढून टाका. अर्धे पान पुरेल. मिठाईवाले रागावणार असतील, तर त्या अर्ध्या पानाचे पैसे मी भरतो, पावती तेवढी द्या.