विचारलंच नाही, तर कळणार कसं?

२०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने स्त्री-खतन्यावर, म्हणजे मुलींच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या प्रथेवर, बंदी मागणाऱ्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाला कळवलं की, भारतात स्त्री-खतना होतो हे दाखवणारी कोणतीही अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास नाही. त्याच वर्षी मे महिन्यात या खात्याच्या मंत्री मनेका गांधी म्हणाल्या होत्या की, मुसलमानांमधल्या बोहरा समाजाने ही प्रथा आपणहून थांबवली नाही तर कायदा करू. सात महिन्यांत कायद्याची भाषा मागे पडली आणि आकडेवारी नसल्याची सबब पुढे आली. तेव्हापासून या विषयावर भारतात जे लिहिलं-बोललं जातं ते मी वाचत आले आहे, आणि दर वेळी एकच गोष्ट मनात येते: त्या बायकांना कोणी विचारलं होतं का?

मी इंग्लंडमध्ये मिडवाइफ आहे. विचारणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. दिवस गेल्यावर बाई पहिल्यांदा नाव नोंदवायला येते, तेव्हा तासभर तरी जातो. साखर, रक्तदाब, आधीची बाळंतपणं, घरात कोणी हात उगारतं का, आणि त्याच ओघात: लहानपणी तुमच्या खालच्या भागावर काही कापणं-शिवणं झालंय का? बाई इंग्रज असो, पोलिश असो की नागपूरची, प्रश्न तोच. नवरा बरोबर आला असेल तर त्याला थोडा वेळ बाहेर बसवतो. दुभाषी फोनवर असते आणि ती नात्यातली नसते, हे कटाक्षाने पाहतो. २०१५ पासून इथल्या सरकारी आरोग्यसेवेत अशा नोंदी एकत्र होतात आणि नाव-गाव वगळून आकडे प्रसिद्ध होतात.

सोमालिया आणि सुदानकडच्या काही बायकांमध्ये या प्रथेचा सर्वांत कठोर प्रकार दिसतो. सगळं कापून कडा शिवलेल्या असतात, लघवी आणि पाळीपुरतं छिद्र तेवढं ठेवलेलं असतं. बाळ यायचं तर ती शिवण उघडावी लागते. उघडल्यावर अनेक जणी दचकतात त्या लघवीच्या आवाजाने. जन्मभर थेंबथेंब, कितीतरी वेळ बसून राहायची सवय. आता एकदम धार लागते, आवाज येतो, आणि बाईला वाटतं आपल्या शरीरात काहीतरी बिघडलं. म्हणून आम्ही आधीच सांगून ठेवतो की आवाज येईल आणि तसाच यायला हवा. हे ऐकून कोणी हसतं, कोणी रडतं. काही जणी विचारतात, मग इतकी वर्षं मला कोणी सांगितलं का नाही?

बाळंतपणानंतर 'परत शिवून द्या' अशी गळ पूर्वी बरेचदा घातली जायची, असं जुन्या सहकारी सांगतात. इथे तसं शिवणं बेकायदा आहे. आता माझ्या कानावर येते ती विनंती वेगळी असते: "मुलगी झाली तर तुम्ही माझ्या सासूबाईंना सांगाल ना, की या देशात हे चालत नाही?"

या एका वाक्यात बरंच काही आहे. या बाईचं मत बदललेलं आहे. तिला व्याख्यान नको, आकृत्या नकोत. तिला हवी आहे ती पाठीशी उभी राहील अशी एखादी गोष्ट, म्हणजे नकार तिच्या एकटीच्या तोंडून जाणार नाही. ब्रिटिश सरकारने २०१२ मध्ये नेमका यासाठी एक घडीचा कागद काढला. पासपोर्टमध्ये मावेल एवढा. हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे, मुलीला परदेशी नेऊन केलं तरी गुन्हाच आहे, आणि शिक्षा १४ वर्षांपर्यंत होऊ शकते, असं त्यावर छापलेलं आहे. सुट्टीत गावी जाताना आई तो बरोबर नेते. आजी, आत्या, मोठी जाऊ मागे लागली की पुढे करते. "मला करायचं नाही" म्हणणाऱ्या सुनेला उद्धट ठरवता येतं. "मी तुरुंगात जाईन" म्हणणाऱ्या सुनेसमोर घरातल्यांचाही नाइलाज होतो.

मत बदललंय हे फक्त माझ्या तपासणीच्या खोलीपुरतंच खरं आहे असं नाही. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात २३ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रिया यातून गेल्या आहेत. पण ज्या आफ्रिकी आणि मध्यपूर्वेच्या देशांत ही चाल आहे, तिथली सुमारे दोन तृतीयांश माणसं ती बंद व्हावी असंच म्हणतात. इजिप्तमध्ये १९९५ साली विवाहित स्त्रियांपैकी ८२ टक्के जणींना ती चालू राहावी असं वाटत होतं. २०१४ मध्ये असं म्हणणाऱ्या ५८ टक्के होत्या. तोही आकडा मोठा आहे, पण तो उतरतो आहे. केनियात १९९८ मध्ये ३८ टक्के स्त्रियांचा खतना झालेला होता, २०२२ मध्ये १५ टक्के. हे सगळं कळतं ते घरोघरी जाऊन, बाईला बाजूला घेऊन विचारल्यामुळे.

आता आपल्याकडे पाहू. दाऊदी बोहरा समाजात मुलगी साधारण सात वर्षांची झाली की तिचा खतना करायची रीत आहे. सोमालियाच्या मानाने यात कमी कापलं जातं हे खरं. क्लिटोरिसवरची त्वचा, कधी तिचाही भाग. वाढदिवसाला जायचंय, फिरायला जायचंय असं सांगून नेलं, ही आठवण अनेक जणींनी जाहीरपणे सांगितली आहे. मुंबई, पुणे, नाशिक ही काही दूरदेशीची गावं नाहीत. आपल्याच वर्गात बसलेल्या मुली होत्या त्या. माझ्या शाळेतली एक बोहरा मैत्रीण चाळिशी ओलांडल्यावर माझ्याशी याबद्दल पहिल्यांदा बोलली, तेही मी काय काम करते हे कळल्यावर. शाळेच्या दिवसांत आम्ही रोज एका बाकावर बसत होतो.

सरकारने विचारलं नाही, तेव्हा त्या समाजातल्या बायकांनीच विचारलं. 'सहियो' या संस्थेने बोहरा स्त्रियांचं सर्वेक्षण केलं. ३८५ जणींनी उत्तरं दिली. ८० टक्के जणींचा खतना झालेला होता आणि ८१ टक्के जणी म्हणाल्या की तो पुढे चालू राहू नये. ऑनलाइन सर्वेक्षण होतं, उत्तरं देणाऱ्या बहुतेक शिकलेल्या, त्यामुळे सगळ्या समाजाचं मत म्हणून हा आकडा घेता येत नाही, मान्य. २०१८ च्या फेब्रुवारीत बोहरा स्त्रियांच्या 'वी स्पीक आउट' या गटाच्या पुढाकाराने झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहभागी झालेल्यांच्या सात वर्षांवरच्या मुलींपैकी ७५ टक्के मुलींचा खतना झालेला होता. हे दोन अभ्यास वेगळ्या माणसांचे आहेत, त्यांची सरळ वजाबाकी करता येणार नाही. तरी ते शेजारी ठेवले की जे दिसतं ते मला ओळखीचं वाटतं. मन वळलंय, पण मुलीला न्यायची वेळ आली की आई एकटी पडते.

एकटी पडणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. बोहरा समाजातल्या बहिष्काराविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यानंतर असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या सुधारकांनी काय सोसलं ते सर्वांसमोर आहे. लग्न जमत नाही, मयतीला जागा मिळत नाही, घरचे बोलत नाहीत. २०१६ चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आता हाताशी आहे, पण आपल्या सात वर्षांच्या मुलीसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढून त्याचा वापर कोण करणार?

यावर भारतातून ठरलेली उत्तरं येतात. एक म्हणजे, सुधारणा समाजातून आतूनच व्हायला हवी, बाहेरून लादू नये. हा युक्तिवाद आपण मराठी माणसांनी आधी ऐकलेला आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी टिळकांचं म्हणणं काय होतं? सरकारने आमच्या चालीरीतींत पडू नये. आगरकरांनी उलट बाजू लावून धरली. वय दहावरून बारा करायचा प्रश्न होता आणि केवढं रान पेटलं! आज त्या वादाकडे पाहताना टिळकांच्या बाजूने उभं राहायला कोणी तयार होणार नाही. पण बोहरा मुलींचा विषय निघाला की तीच भूमिका आपण नव्याने घेतो आणि तिला आदर म्हणतो.

आणि 'आतून' काय चाललंय ते तरी पाहावं. ऑस्ट्रेलियात बोहरा खतनाचा खटला चालून २०१५ मध्ये आरोपींना दोषी ठरवलं गेलं. त्यानंतर २०१६ मध्ये लंडनसह परदेशांतल्या अनेक जमातींनी, म्हणजे बोहरांच्या स्थानिक धार्मिक संघटनांनी, आपल्या लोकांना पत्रं पाठवली की, देशाचा कायदा पाळा, खतना करू नका. मुंबईतल्या आयांसाठी असं पत्र निघालं नाही. त्यामुळे आज इंग्लंडमधल्या बोहरा मुलीच्या आईकडे 'नाही' म्हणायला जमातीचं पत्र आहे, सरकारचा कागद आहे. भेंडीबाजारातल्या तिच्या मामेबहिणीकडे काहीच नाही. शिवाय परदेशातल्या मुलींना यासाठी भारतात आणलं जातं, हेही २०१८ च्या अभ्यासात पुढे आलं. इथल्या कायद्याने जे रोखलं ते आपल्याकडे येऊन होतं, याची मला चीड येते.

इंग्लंडचं सगळं छान आहे असं मात्र मी म्हणणार नाही. इथे १९८५ मध्ये कायदा झाला आणि पहिली शिक्षा झाली २०१९ मध्ये. मधली ३४ वर्षं कायदा कपाटात होता. मग सरकार जागं झालं तेव्हा दुसऱ्या टोकाला गेलं. ब्रिस्टलमधल्या सोमाली कुटुंबांनी तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांना सांगितलं की शाळेत, दवाखान्यात आपल्याकडे गुन्हेगार म्हणून पाहिलं जातं, सुट्टीवर जायचं म्हटलं तरी चौकशी मागे लागते. ज्या आयांनी कधीच ठरवून टाकलं होतं की आपल्या मुलीला हात लावू द्यायचा नाही, त्यांनाच हा जाच. मी तो प्रश्न विचारते तेव्हा समोरच्या बाईच्या खांद्यात येणारा ताण मला दिसतो. म्हणून प्रश्न कसा विचारायचा हेही शिकावं लागतं. आधी हे सांगायचं की मी सगळ्यांनाच विचारते. मग उत्तराची वाट पाहायची, स्क्रीनकडे न बघता.

परदेशात येऊन मत का बदलतं, यावर स्वीडनच्या मानववंशशास्त्रज्ञ सारा यॉन्सडॉटर यांनी तिथल्या सोमाली लोकांमध्ये केलेलं काम मला फार पटतं. सोमालियात खतना धर्माचाच भाग समजला जायचा. स्वीडनमध्ये शेजारी अरब मुसलमान भेटले, धार्मिक असूनही मुलींचा खतना न करणारे. मग सोमाली लोकांनी स्वतः धर्मग्रंथ उघडून पाहिले. म्हणजे बदल गोऱ्या माणसाच्या उपदेशाने घडला नाही, आपल्याच धर्माच्या दुसऱ्या माणसांशी तुलना झाल्याने घडला. आपल्याकडे तर ही तुलना हाताच्या अंतरावर आहे. भारतातले बहुसंख्य मुसलमान मुलींचा खतना करत नाहीत.

इथे मराठी फेसबुकवरच्या त्या मंडळींबद्दल बोलायलाच हवं, ज्यांना खतना आठवतो तो फक्त मुसलमानांना झोडपायला. त्यांना त्या सात वर्षांच्या मुलीशी देणंघेणं नसतं आणि त्यांच्यामुळे बोहरा बायकांचं तोंड आणखी घट्ट मिटतं. पण यांच्या भीतीने पुरोगाम्यांनी गप्प बसणं हेही तितकंच वाईट. १९६६ मध्ये हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत तलाकविरोधात मोर्चा काढला, तेव्हाही 'विरोधकांच्या हातात कोलीत देताय' असं म्हणणारे होतेच. त्या सात जणी थांबल्या नाहीत.

सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेचं काय झालं? २०१८ मध्ये ती पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे गेली, २०१९ मध्ये शबरीमला मंदिरातल्या स्त्री-प्रवेशाच्या निकालाबरोबर नऊ न्यायाधीशांपुढच्या मोठ्या धार्मिक प्रश्नांत गुंतली. निकाल लागेल तेव्हा लागेल. सरकारचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी तर २०१८ मध्येच न्यायालयात म्हटलं होतं की आहे त्या कायद्यानेही, भारतीय दंड संहितेने (आता तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे) आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या पॉक्सो कायद्याने, हा गुन्हाच ठरतो. मग तेवढंच एका पानावर छापून बोहरा वस्तीतल्या प्रत्येक दवाखान्यात का लावलं जात नाही? आपल्या आईला, सासूला दाखवायला त्या बाईला तेवढं पुरेल.

आकडेवारीचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना 'नवऱ्याने मारणं योग्य वाटतं का' हे कितीतरी वर्षं विचारलं जातं आणि बायका उत्तरं देतात. म्हणजे नाजूक प्रश्न विचारता येत नाहीत हे खरं नाही. बोहरा समाज लहान आहे, देशव्यापी सर्वेक्षणात तो चिमूटभरच येईल, तेव्हा वेगळा अभ्यास करावा लागेल, आणि तो त्या समाजातल्या स्त्रियांना बरोबर घेऊनच. डॉक्टरांच्या परिषदेने एक स्पष्ट आदेश काढावा की हे करणाऱ्या डॉक्टरची नोंदणी जाईल. इजिप्तमध्ये दाईकडून हे काम डॉक्टरांकडे गेलं आणि स्वच्छ खोली, भूल, प्रतिजैविकं मिळाल्यामुळे प्रथेला उलट प्रतिष्ठाच मिळाली. आपल्याकडेही दवाखान्यात नेऊन खतना करून घेण्याकडे कल वाढल्याच्या बातम्या आहेत. ते आत्ताच थांबवायला हवं. आणि मुंबई-पुण्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला, ती कोणत्याही धर्माची असो, नवऱ्याला बाहेर बसवून हा एक प्रश्न विचारायला उद्यापासून सुरुवात करावी. त्यासाठी नऊ न्यायाधीशांच्या निकालाची वाट पाहायचं काही कारण नाही.