ती आग कॅमेऱ्यासाठीच लावायला सांगितली होती

परवा आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. मेथी निवडता निवडता तिने फोन माझ्यापुढे धरला. "हे मावशीला आणि भिशीच्या ग्रुपवर पाठवलंय बघ. बरोबर आहे ना रे?"

एका हल्ल्याचा व्हिडिओ, आणि खाली मजकूर: 'दहशतवाद्यांना प्रसिद्धीशी काही देणंघेणं नसतं, त्यांना फक्त माणसं मारायची असतात. त्यामुळे असे व्हिडिओ शंभर जणांना पाठवा, जग जागं होईल. २६/११ चॅनेलांनी लाइव्ह दाखवलं म्हणून देश एक झाला. त्याचा अतिरेक्यांना फायदा झाला ही अफवा आहे. लाइव्हवर बंदी घालणाऱ्यांना सत्य लपवायचं असतं.'

आईवर कसला रागावणार? पण हाच मजकूर मला आठवडाभरात चौथ्यांदा दिसला, तोही शिकल्यासवरल्या लोकांकडून. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी ती 'अफवा'. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली. न्या. आफताब आलम आणि न्या. सी. के. प्रसाद यांच्या त्या निकालात चॅनेलांच्या थेट प्रक्षेपणावर वेगळं विवेचन आहे. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधल्या अतिरेक्यांचं सीमेपलीकडच्या सूत्रधारांशी फोनवर चाललेलं बोलणं आपल्या यंत्रणांनी टिपलं होतं. ते तपासून न्यायालयाने म्हटलं, की अतिरेकी आपल्या जवानांना दिसत नव्हते. जवान कुठे आहेत, त्यांच्याकडे कोणती शस्त्रं आहेत, ते काय करताहेत, हे मात्र सूत्रधार टीव्हीवर बघून आत कळवत होते. चॅनेलांनी यात देशाचं हित साधलं नाही, स्वतःचा धंदा बघितला, इतक्या स्पष्ट अर्थाचा तो ठपका आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला अफवा म्हणायचं?

एक मात्र मान्य करावं लागतं. या प्रक्षेपणामुळे जवानांचं प्रत्यक्ष किती नुकसान झालं, हे सांगता येणार नाही, असंही न्यायालयाने नोंदवलं आहे. पण त्यांचं काम त्यामुळे जास्त अवघड आणि धोक्याचं झालं, याबद्दल न्यायालयाला शंका नव्हती.

आता 'प्रसिद्धीशी देणंघेणं नसतं'. हे वाक्य वाचून माझं डोकंच फिरलं. त्याच फोनवर सूत्रधार ताजमधल्या पोरांच्या मागे लागला होता: आग लावा, आग का लागली नाही अजून? ज्वाळा दिसल्या की लोक घाबरतील. सगळ्यात जास्त कॅमेरे तुमच्याच हॉटेलवर आहेत, हेही तो त्यांना सांगत होता. कशाला सांगेल? नुसती माणसं मारायला बंदुका होत्याच की. ती आग आपण घरात बसून बघावी म्हणून हवी होती. आतून चॅनेलला फोन करायचा तर काय बोलायचं, हेही पढवलं जात होतं: हा फक्त ट्रेलर आहे, खरा सिनेमा पुढे आहे. आम्ही हैदराबाद दख्खनचे, असंही सांगायला लावलं, म्हणजे संशयाने आपण आपल्याच शेजाऱ्याकडे बघावं. एखादी कंपनी माल बाजारात आणताना नाव, घोषवाक्य आणि वेळ ठरवते, तसं हे ठरवलेलं होतं. १६६ माणसं मेली, ती या जाहिरातीचा भाग म्हणून.

हे हैदराबादचं सोंग टिकलं नाही, ते कुठल्या व्हिडिओमुळे नव्हे. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत कसाबची बंदूक धरून ठेवली आणि तो जिवंत हाती लागला, म्हणून.

शंभर जणांना पाठवून जग जागं होतं? १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, ५१ जण गेले. मारेकऱ्याने ते फेसबुकवर लाइव्ह दाखवलं. कंपनीच्याच सांगण्यानुसार लाइव्ह चालू असताना तो व्हिडिओ २०० वेळाही पाहिला गेला नव्हता. पुढच्या २४ तासांत मात्र त्याच्या १५ लाख प्रती काढाव्या किंवा अडवाव्या लागल्या. या प्रती मारेकऱ्याने नाही टाकल्या. तो तर पोलिसांच्या ताब्यात होता. आणि खरंखोटं तरी कोण बघतं? पहलगामच्या हल्ल्यानंतर एका जिवंत जोडप्याचा नाचतानाचा रील मृत अधिकाऱ्याचा शेवटचा व्हिडिओ म्हणून फिरला. आम्ही जिवंत आहोत, हे त्या दोघांना कॅमेऱ्यासमोर येऊन सांगावं लागलं.

बंदीचं म्हणाल तर २०१५ चा केबल टीव्हीचा नियम फक्त कारवाई चालू असेपर्यंत लाइव्ह दाखवू नका एवढंच म्हणतो. तोवर नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देतो. सरकारं अतिरेक करतात, हे खरं. ब्रिटनमध्ये १९८८ ते १९९४ शिन फेन या आयरिश पक्षाच्या नेत्यांचा आवाज ऐकवायला बंदी होती, तर वाहिन्या त्यांचे शब्द नटांकडून म्हणवून घेत होत्या. तसल्या बंदीला माझाही विरोध आहे. बातमी सांगा, सरकारला जाब विचारा, मेलेल्यांची नावं सांगा. त्यासाठी कोणाच्या रक्ताचा व्हिडिओ लागत नाही.

आईने सगळं ऐकलं आणि 'सगळ्यांसाठी डिलीट' शोधायला लागली. पाठवून तीन दिवस झाले होते, तो पर्याय येईना. मग तिने मेथी बाजूला सारली आणि मावशीला फोन लावला.