जेट्सचे चाहते आणि त्यांचे पश्चातज्ञान

न्यूयॉर्क जेट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ २०१० च्या हंगामानंतर एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे बादफेरीत, पोहोचलेला नाही, हे दुःख मला समजते. परंतु खेळाडू निवडणाऱ्या जनरल मॅनेजरविषयीचे चाहत्यांचे तेच ते वाद ऐकण्याची माझी सहनशक्ती आता संपली आहे. २०२१ मध्ये तेव्हाचे मॅनेजर जो डग्लस यांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सन या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्याला) निवडले, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांनाच आज ‘तो अपयशी ठरणार, हे पहिल्या दिवसापासून दिसत होते’ असे कसे म्हणवते? सोयरीक जमल्यावर पेढे वाटायचे आणि मोडल्यावर ‘मला पत्रिकाच पटली नव्हती’ म्हणायचे, अशा मामांचीच ही जमात आहे. नामांकित क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स आला तेव्हा सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकल्याच्या थाटात नाचलेली हीच मंडळी, २०२३ च्या पहिल्याच सामन्यात अवघ्या चार चालींनंतर त्याच्या टाचेचे अकिलीस टेंडन तुटताच, एकोणचाळीस वर्षांच्या देहाच्या मर्यादांवर व्याख्याने देऊ लागली. जेट्सचा माजी क्वार्टरबॅक असलेल्या ज्या सॅम डार्नॉल्डच्या नावाने बोटे मोडली, त्यानेच २०२४ मध्ये मिनेसोटाकडून चौदा सामने जिंकल्यावर ‘त्याला सोडलेच का?’ हा प्रश्न विचारायला जीभ कशी धजते? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डग्लस यांची हकालपट्टी झाली आणि आता सगळे सुरळीत होणार, असे जाहीर झाले. (कोणी केले, हे विचारू नये.) पुढे नवे मॅनेजर डॅरेन मूगी यांनी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सॉस गार्डनर आणि क्विनन विल्यम्स या दोन्ही बिनीच्या बचावपटूंना एकाच दिवशी, मुख्यतः पुढच्या ड्राफ्टमधील निवडीच्या हक्कांच्या बदल्यात, दुसऱ्या संघांना देऊन टाकले, तर निम्म्यांनी छाती पिटली आणि उरलेले निम्मे, अद्याप महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना संघात बसवून, २०२७ चा विजयोत्सव आखू लागले.