गेमिंगमध्ये करिअर करायचे आहे, पण त्यातले कोणते काम?

गेल्या महिन्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीतील एक काकू बारावीतल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. "तूच सांग गं याला काहीतरी, दिवसभर मोबाइल हातात आणि वर म्हणतो यातच करिअर करणार," असे त्या म्हणत होत्या आणि तो मान खाली घालून बसला होता. मी गेली अकरा वर्षे गेम टेस्टर, म्हणजे गेममधल्या चुका शोधणारी, म्हणून नोकरी करते, ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीने रोज ऐरोली गाठते. त्यामुळे मी त्याची बाजू घेईन असे त्याला वाटले असावे. मी त्याला एवढेच विचारले, की खेळण्याखेरीज या खेळाभोवतीचे कोणते काम तू आजवर पूर्ण केले आहेस?

हा प्रश्न मला कळीचा वाटतो, कारण माझी स्वतःची परीक्षा तिथेच झाली. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका गेममधले पात्र उडी मारताना "कधीकधी" भिंतीत अडकत होते. ते "कधीकधी" म्हणजे नेमके केव्हा, हे शोधण्यासाठी मी दोन दिवस तीच उडी मारत होते: धावत येऊन, चालत येऊन, हातात शस्त्र असताना, नसताना, नेट बंद ठेवून. अखेर लक्षात आले, की मध्येच फोन आला आणि तो घेऊन गेममध्ये परतले, तरच पुढच्या उडीला पात्र अडकते. मग कोणता हँडसेट, गेमची कोणती आवृत्ती (बिल्ड), कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, दहा प्रयत्नांत किती वेळा झाले, हे सगळे मी लिहून दिले आणि डेव्हलपरने त्याच्या जागेवर पाच मिनिटांत तो बग, म्हणजे ती चूक, पुन्हा घडवून पाहिला. त्या संध्याकाळी झालेला आनंद मला कोणतीही मॅच जिंकून झालेला नव्हता. ज्याला त्या दोन दिवसांचा कंटाळा येईल त्याने खुशाल छंद म्हणून खेळावे, त्यात कमीपणा काहीच नाही.

पालकांची भीती मला खोटी वाटत नाही. क्रिकेटला मालक नाही, मैदान मिळाले नाही तर मुले गल्लीत खेळतात. गेमला मात्र मालक असतो आणि त्यावर सरकारची नजरही असते. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली, २०२१ मध्ये त्याच धर्तीचा बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) आला, जुलै २०२२ मध्ये तोही अ‍ॅप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. माझा कळव्याचा चुलतभाऊ त्या काळात त्याचे मराठीतून स्ट्रीमिंग करत असे. गेम गेला तसे त्याचे प्रेक्षकही पांगले, पण रात्री जागून शिकलेले व्हिडिओ एडिटिंग त्याच्याजवळ राहिले आणि आज त्याचे घर त्यावरच चालते. फक्त नेम धरायला शिकलेल्या त्याच्या जोडीदाराच्या हाती मात्र काही उरले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

स्पर्धात्मक खेळाला आता मान आहे, हेही पालकांनी समजून घ्यावे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, हा प्रात्यक्षिक प्रकार होता आणि तिथे भारताच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य मिळवले. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची अधिकृत पदके दिली गेली. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. तेव्हा मुलगा नेमके काय खेळतो, हे आधी विचारावे आणि मगच रागवावे. आपल्या शेजारच्या पुण्यात तयार झालेला 'राजी' हा गेम २०२० मध्ये जगभर विकला गेला, आणि असा गेम उभा राहायला चित्रकार, संगीतकार, लेखक, प्रोग्रॅमर असे सगळेच लागतात. आवडत्या पात्रांची चित्रे काढणाऱ्या मुलींना मी आवर्जून सांगते, की हात त्यांवर बसू द्या, पण विकायला स्वतःची पात्रे काढा, कारण त्या पात्रांचे हक्क दुसऱ्याकडे असतात.

परवा तो मुलगा वही घेऊन एकटाच आला. तो खेळतो त्या गेममधला एक बग त्याने दोन पाने भरून लिहिला होता. त्यातली तिसरी पायरी राहून गेली होती, त्यामुळे माझ्या फोनवर तो बग काही केल्या दिसेना. मी ती जागा दाखवली, तेव्हा घरी जाईपर्यंतही त्याला धीर निघाला नाही. जिन्यातच बसून त्याने ते पान पुन्हा लिहायला घेतले.