तव्याच्या पुढेही कविता आहे

बहिणाबाईंची 'अरे संसार संसार' ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. पण बहुतेकांची ती कविता तवा, चटके आणि भाकर एवढ्यावरच संपते. लग्नाच्या शुभेच्छांत, सकाळच्या फॉरवर्डमध्ये, निरोपाच्या भाषणात पहिल्या दोन ओळी येतात आणि पुढचं काहीच येत नाही. 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह हातात घेऊन ती शेवटपर्यंत वाचली की कळतं, 'सोसा म्हणजे मिळेल' एवढंच त्या सांगत नाहीत. ओळी सुट्या काढून त्यांचे सुविचार केले, यात बहिणाबाईंचं सगळ्यात जास्त नुकसान झालं असं माझं ठाम मत आहे.

त्याच कवितेत पुढे त्या बजावतात की संसाराला भिलावा म्हणू नका. भिलावा म्हणजे बिबा. त्याचं तेल अंगाला लागलं तर कातडीवर फोड येतात, याला आपल्याकडे 'बिबा उतणं' म्हणतात. पण त्याच बिब्याच्या देठाकडे पिकलेला मांसल गोड भाग असतो, त्याला त्या भीमफूल म्हणतात. आणि काळं कवच फोडलं की आत गोडंबी, जी आपण लाडवात घालतो. वर गोड, मधे जाळणारं, आत पुन्हा गोड. हे फळ डोळ्यांसमोर नसेल तर कडवं नुसतं यमकाचं वाटतं आणि वाचणारा पुढे सरकतो. म्हणून या संग्रहातल्या कुठल्याही वस्तूचं नाव अडलं तर तिथेच थांबा. वस्तू कशी दिसते, कशाला वापरतात, ती हाताळताना काय होतं, हे एखाद्या जाणत्या माणसाला विचारा आणि मगच पुढे जा. या कवितांमध्ये भावना वस्तूच्या आत असते, शेजारी वेगळी लिहिलेली नसते.

तव्याचंही तसंच. भाकरी तव्यावर पडली की वरच्या बाजूला लगेच ओला हात फिरवावा लागतो. उशीर झाला तर ती वाळते, तडकते. पाणी सुकत आलं की उलटायची आणि मग निखाऱ्यासमोर धरून फुगवायची. चटका बसतो तो या उलटापालटीत, आणि दर भाकरीला बसू शकतो. 'चटके' हे अनेकवचन उगाच नाही. ज्या आचेने हात भाजतो तिनेच भाकर भाजली जाते.

आता वाचायचं कसं ते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात-शेतात राबताना सुचलेलं त्या म्हणत, आणि मुलगा सोपानदेव व त्याचा एक मावसभाऊ ते उतरवून घेत. संग्रह आला १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे ही रचना कानाने झालेली आहे. तेव्हा मोठ्याने वाचा. गाण्यांच्या चाली मात्र आधी बाजूला ठेवा, कारण चाल शब्द ताणते आणि मूळची घडण झाकून टाकते.

ही घडण बोटांवर मोजता येते. बहुतेक चरण आठ अक्षरांचे आहेत. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. अंगठा चार बोटांवरून दोनदा फिरवला की एक चरण झाला. चार चरणांचं एक कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या चरणाला यमक. आणि सुरुवाती पाहा: 'अरे संसार संसार', 'मन वढाय वढाय', 'अरे घरोटा घरोटा'. सगळीकडे दोन, तीन, तीन. दोन अक्षरांची हाक, मग तीन अक्षरांचा शब्द दोनदा. घरोट म्हणजे जातं. खुंटा धरून एक फेरा घेतल्यावर दुसरा आपोआप यावा, तसा तो शब्द परत येतो.

जात्यात एका वेळी मोठा घास टाकला तर पीठ न पडता भरड पडते. इथेही तेच होतं. एका बैठकीत संग्रह संपवू नका. दिवसाला दोन कविता, फार तर तीन.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो भाषेत. ही लेवा गणबोली, म्हणजे जळगावकडच्या लेवा समाजाची बोली आहे आणि तिच्यात 'ळ'चा 'य' होतो. केळी म्हणजे केयी, तळहात म्हणजे तयहात. एवढी एक किल्ली मिळाली की निम्मी अडचण सुटते. 'वढाय' म्हणजे आपलं 'ओढाळ', दुसऱ्याच्या पिकात पुनःपुन्हा शिरणारं ढोर. काही जण म्हणताना ते 'शुद्ध' करतात. अक्षरं तेवढीच राहतात, छंद मोडत नाही, पण 'ळ'ला जीभ वळून अडते आणि 'य'वरून निसटते. निसटणाऱ्या ढोराला तो निसटता आवाजच हवा. हात लावू नका त्याला.

एक कविता दुसरीशेजारी ठेवूनही वाचा. ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात. ते पळायला लागलं की तो त्याच्या पुढच्या पायांवर आपटतो. तेच लोढणं. मनाच्या कवितेत ढोर आहे, आणि संसाराच्या कवितेत त्या सांगतात की हा गळ्यातला हार आहे, याला लोढणं म्हणू नको. दोन्ही कविता एकाच गोठ्यातून निघाल्यात, हे सुट्या ओळी वाचून कधीच दिसणार नाही.

'लपे करमाची रेखा' मात्र घाईच्या दिवशी उघडू नका. ऐन तिशीत वैधव्य आलेल्या बाईची ती कविता आहे. कपाळावरची कर्माची रेघ कुंकवाखाली लपली होती, कुंकू पुसलं गेलं आणि ती उघडी पडली. या कडव्यात दुःख, आसवं, यातला एकही शब्द नाही. मग त्या तयहाताकडे वळतात. धनरेषेच्या चऱ्यांनी तो फाटलाय, आणि नशीब म्हणजे तयहातावरच्या रेघोट्या नव्हेत असं त्या स्वच्छ सांगतात. शेवटी ज्योतिषाला दारातूनच परत पाठवतात: 'माझं दैव माले कये'. माले म्हणजे मला, कये म्हणजे कळे. मोजून आठ अक्षरं. शेवटच्या 'ये'वर आवाज चढवू नका, साध्या बोलण्यासारखं म्हणा आणि पुस्तक तिथेच मिटा.