दलालीबद्दल ब्र काढू नका

घर विकायला काढलंय ना? मग पहिलं पथ्य, एजंटसमोर दलालीबद्दल ब्र काढायचा नाही. "सगळीकडे हाच रेट आहे सर" म्हणाला की मान डोलवायची, तो आकडा कुठल्यातरी शिलालेखावर कोरलेला असणार, त्यात घासाघीस होते असं मनातसुद्धा आणू नका.

दोनतीन एजंट बोलवा आणि जो घराची किंमत सगळ्यात जास्त सांगेल त्यालाच काम द्या, त्यालाच तुमच्या घराची खरी कदर! एक्स्क्लुझिव्हच्या, म्हणजे घर फक्त त्याच्याच मार्फत विकायचं अशा कागदावर तुमची सही झाली की महिनाभरात "मार्केट जरा थंड आहे, थोडं खाली यावं लागेल" सुरू होईल, तेव्हा निमूट खाली या. आणि तो कागद वाचत बसू नका हं. मुदत संपल्यावरही त्याने दाखवलेल्या पार्टीला घर विकलंत तर दलाली द्यावी लागेल असं एखादं कलम असतं त्यात, पण अक्षर एवढं बारीक म्हणजे महत्त्वाचं नसणारच.

गणित तर अजिबात करू नका, झोप उडते. समजा १०० रुपयांचं घर आणि दलाली २ टक्के. आज सौदा झाला तर त्याचे २ रुपये पक्के. अजून दोन महिने खपून, पन्नास पार्ट्यांना घर दाखवून त्याने तुम्हाला ५ रुपये वाढवून दिले तर त्यातले ४ रुपये ९० पैसे तुमचे आणि त्याचे १० पैसे, त्यातही समोरच्या एजंटचा वाटा असला, ऑफिसचा कट असला, तर मग बघायलाच नको. या १० पैशांसाठी तो जिवाचं रान करणार यावर तुमची श्रद्धा पाहिजे.

शिकागोकडच्या लाखभर घरविक्रीच्या नोंदी चाळून लेविट आणि सायव्हर्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये छापलं की एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा साधारण साडेनऊ दिवस जास्त थांबतो आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतो. काही लोकांना उद्योगच नसतात.

घर दाखवताना तुम्ही आत चहा टाकायला जा म्हणजे बाल्कनीत तो पार्टीच्या कानात "मालकांना घाई आहे, ऑफर टाका, मी बसवतो" म्हणतो ते ऐकू येणार नाही. रात्री तुम्हाला फोन, "पार्टी जेन्युइन आहे, हातची सोडू नका." दोन्हीकडून दलाली घेणारा माणूस दोघांच्याही बाजूने असतो, केवढं मोठं मन!

तसं त्याचंही खोटं नाही म्हणा, घर विकलंच नाही तर बहुतेक वेळा त्याला छदाम मिळत नाही आणि नुसतं बघून गेलेल्या पार्ट्यांचं पेट्रोल त्याच्याच खिशातून. म्हणून तर त्याला उगाच कामाला लावू नका. अमुक रकमेपर्यंत कमी टक्के आणि त्याच्यावर जे मिळेल त्यातले भरपूर टक्के तुझे, असलं काही चुकूनही सुचवू नका. मी सुचवलं होतं. आमचा एजंट दोन मिनिटं मोबाईलमध्ये बघत बसला, मग म्हणाला, "सर, असं कुणी करत नाही."